भाताच्या वाणाचे वर्णन कोणी लिहायचे?

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे एक लहानसे गाव आहे. मराठवाड्यातल्या नांदेड शहराशी त्याचा काही संबंध नाही. या गावातील दादाजी रामाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याला १९८३ साली आपल्या धानाच्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. बांधीत ‘पटेल-३’ हा वाण लावलेला होता. पण या लोंब्या त्या वाणासारख्या नव्हत्या. दुसऱ्या कोणी त्या इतर पिकाबरोबर कापून खळ्यावर नेल्या असत्या. दादाजींनी त्या बाजूला काढल्या, दाणे जपून ठेवले, पुढच्या हंगामात वेगळे पेरले आणि वर्षानुवर्षे हेच करीत बारीक दाण्याचा एक नवा वाण उभा केला. १९९० च्या सुमारास एका व्यापाऱ्याने त्याला त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळाचे नाव दिले. तोच हा एचएमटी तांदूळ. विदर्भातच नव्हे, विदर्भाबाहेरही तो घरोघर शिजतो.

पुढची गोष्ट इतकी सरळ नाही. १९९४ मध्ये कृषी विद्यापीठाच्या संशोधकांनी दादाजींकडून हे बियाणे नेले आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावाने एक वाण प्रसारित झाला. मूळ निवड माझी असताना श्रेय मला का नाही, असा दादाजींचा प्रश्न होता. आम्ही निवड करून बियाण्याचे शुद्धीकरण केले आहे, असे विद्यापीठाच्या बाजूने म्हटले गेले. या वादाचा निवाडा करणे हा या लेखाचा हेतू नाही. मला विचारायचे आहे ते वेगळेच. असा वाद सोडवायचा झाला, तर पुरावा म्हणून काय पुढे ठेवायचे? नाव? नाव तर घड्याळाचे! दाणे? दाणे बोलत नाहीत. पुढे ठेवता येईल असे एकच साधन आहे. ते म्हणजे त्या वाणाचे मोजून, तपासून, वेळच्या वेळी लिहून ठेवलेले वर्णन. आणि माझे स्पष्ट मत असे आहे, की हे वर्णन लिहिण्याच्या कामात आपल्या खेड्यापाड्यांतील शाळांनी पुढाकार घेतला पाहिजे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. भारताने २००१ साली ‘पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा’ केला आणि त्याची अंमलबजावणी करण्यासाठी २००५ मध्ये दिल्लीत एक प्राधिकरण स्थापन झाले. नवा वाण नोंदवून घ्यायचा असेल, तर तो नवीन तर हवाच. शिवाय त्याला तीन कसोट्यांना उतरावे लागते. पहिली कसोटी वेगळेपणाची. सर्वांना माहीत असलेल्या इतर प्रत्येक वाणापासून तो निदान एका महत्त्वाच्या लक्षणात स्पष्टपणे वेगळा हवा. दुसरी एकसारखेपणाची. त्याची सर्व झाडे एकमेकांसारखी हवीत. तिसरी स्थिरतेची. पुन्हापुन्हा पेरला तरी त्याची लक्षणे बदलता कामा नयेत. शेतकऱ्यांनी आपल्या शेतात जोपासलेले आणि विकसित केलेले वाणही या कायद्याखाली नोंदविता येतात. त्यासाठी शेतकऱ्याला शुल्क पडत नाही आणि वाण नवीनच असला पाहिजे अशी अटही नाही. शेतकऱ्यालाच ‘वाण निर्माण करणारा’ म्हणून मान देणारी ही तरतूद मोठी आहे. दुर्दैव एवढेच, की दादाजींच्या बांधीतले बियाणे १९९४ मध्ये बाहेर गेले तेव्हा हा कायदा अस्तित्वात नव्हता.

आता हा वेगळेपणा ओळखायचा कसा? येथे बऱ्याच विद्यार्थ्यांची अपेक्षा अशी असते, की एखादे प्रचंड यंत्र असेल, त्यात पान घातले की उत्तर बाहेर येईल. प्रत्यक्षात हे काम मुख्यतः डोळा, पट्टी, तराजू आणि दिनदर्शिका यांच्या बळावर चालते. भातासाठी जी मार्गदर्शक सूत्रे ठरविलेली आहेत, त्यांत ६२ लक्षणे दिली आहेत. बी रुजून वर येणाऱ्या कोंबाच्या आवरणाचा रंग येथपासून यादीला सुरुवात होते आणि सडलेल्या तांदळाला सुवास आहे की नाही येथे ती संपते. मधल्या काळात झाडाच्या वाढीच्या प्रत्येक टप्प्यावर काही ना काही पाहायचे असते.

उदाहरणे घेऊ. भाताचे पान खोडाला जेथे बिलगते, तेथे निरखून पाहा. पात आणि तिचा खालचा कोष यांच्या सांध्यावर एक पातळ, पांढरट पापुद्रा दिसेल. ही पानाची जिभली. भातात उगवणाऱ्या सावा-वर्गातील तणांना ही जिभली नसते आणि त्यावरूनच बेणणी करणारी बाई भाताचे रोप आणि तण यांतला फरक क्षणात ओळखते. भातातसुद्धा सर्व वाणांची जिभली सारखी नसते. काहींची टोकाला छाटल्यासारखी, काहींची टोकदार, तर काहींची मधोमध दुभंगलेली असते. फुलातील कुक्षीचा रंग पांढरा, फिकट हिरवा, पिवळा, फिकट जांभळा किंवा जांभळा असू शकतो. दाण्याच्या टोकाला कुसळ असते किंवा नसते. असले तर त्याची लांबी आणि रंग पाहायचा. खोडाची उंची मोजून पाच वर्ग पाडतात. ९१ सेंटिमीटरपेक्षा कमी ते अतिबुटके आणि १५० सेंटिमीटरपेक्षा जास्त ते अतिउंच. हजार दाण्यांचे वजन १५ ग्रॅमपेक्षा कमी भरले तर दाणा अतिहलका, ३० ग्रॅमपेक्षा जास्त भरले तर अतिजड. लावलेल्या झाडांपैकी निम्मी झाडे किती दिवसांत निसवली, हेही नोंदवायचे.

हे शेवटचे लक्षण आपल्या शेतकऱ्यांना मुळीच नवे नाही. हळवे, निमगरवे आणि गरवे असे भाताचे तीन भाग कोकणातला आणि मावळातला शेतकरी पिढ्यान्पिढ्या करीत आला आहे. हळवे भात वरकस, पाणी लवकर आटणाऱ्या जागेत. गरवे भात पाणथळ खाचरात. म्हणजे कालावधी हे लक्षण त्याने नुसते ओळखले नाही, तर जमिनीशी त्याची सांगडही घातली. आंबेमोहर हे नाव सुवास सांगते. जिरेसाळ हे नाव दाण्याचा बारीकपणा सांगते. ही नावे म्हणजे एका ओळीत लिहिलेली वर्णनेच आहेत.

पण एका ओळीवर भागत नाही. बाजारात ‘कोळम’ म्हणून विकला जाणारा प्रत्येक तांदूळ एकाच वाणाचा नसतो. उलट, एकाच वाणाला दोन गावांत दोन नावे असणे हेही नित्याचेच. नाव हाक मारायला उपयोगी. ओळख पटवायला लक्षणेच हवीत. वर्गात संजय नावाचे तीन मुलगे असले, तर गुरुजी नुसते ‘संजय’ म्हणून गुण मांडत नाहीत, तसेच हे आहे.

लक्षणांमध्येही मात्र दोन जाती आहेत आणि त्यांतला फरक समजल्याशिवाय मोजमापाला अर्थ नाही. जिभलीचा आकार किंवा कुक्षीचा रंग यांवर खताचा, पाण्याचा फारसा परिणाम होत नाही. ती लक्षणे भरवशाची. पण खोडाची उंची, फुटव्यांची संख्या, लोंबीची लांबी ही लक्षणे परिस्थितीप्रमाणे कमीजास्त होतात. नत्र जास्त पडले की झाड उंच वाढते. लावणी उशिरा झाली की निसवण्याचे दिवस बदलतात. मग माझ्या शेतातले १२० सेंटिमीटर आणि तुमच्या शेतातले १०५ सेंटिमीटर यांवरून दोन वाण वेगळे आहेत असे म्हणता येईल काय? मुळीच नाही. म्हणूनच अधिकृत चाचणीत नवा वाण आणि त्याच्याशी मिळताजुळता माहितीचा वाण एकाच शेतात, शेजारीशेजारी, एकाच दिवशी लावतात. चाचणी साधारणपणे दोन सारख्या हंगामांत आणि दोन ठिकाणी घेतात. फरक दोन्ही वेळा टिकला, तरच तो वाणाचा. नाहीतर तो मातीचा किंवा पावसाचा. प्रयोगशाळेत आपण ज्याला तुलनेचा प्रयोग म्हणतो तोच हा, फक्त परीक्षानळीच्या जागी खाचर आले एवढेच.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. आज डीएनएची तपासणी करता येते, मग जिभल्या कसल्या पाहत बसता? आक्षेप वजनदार आहे. २००५ मध्ये भाताच्या जनुकसंचाचा क्रम प्रसिद्ध झाला आणि त्या आंतरराष्ट्रीय कामात भारतीय शास्त्रज्ञांचाही वाटा होता. बासमतीत दुसऱ्या तांदळाची भेसळ आहे की काय, हे डीएनएच्या साहाय्याने ओळखण्याची पद्धत हैदराबादला विकसित झाली. सडून पॉलिश केलेल्या दाण्यावर पान नाही, कुसळ नाही, तूससुद्धा नाही. तेथे डीएनएला पर्याय नाही, हे मान्यच केले पाहिजे.

तरीही शेतातील लक्षणांची जागा डीएनए घेऊ शकत नाही, असे मला वाटते. त्याचे कारण भाताच्या इतिहासातच सापडते. १९६६ साली फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आयआर-८ हा वाण दिला. त्याचे बुटकेपण तैवानच्या डी-जिओ-वू-जेन या वाणाकडून आले आणि त्यामागे मुख्यतः एकच जनुक आहे. त्या एका जनुकाने झाड आखूड झाले, खत दिल्यावर लोळेनासे झाले आणि आशियातल्या भातशेतीचे रूप पालटले. म्हणजे डीएनएतील लहानसा फरक शेतात फार मोठा ठरू शकतो. उलट, डीएनएत असे असंख्य फरक असतात, की ज्यांचा झाडावर काहीच परिणाम दिसत नाही. केवळ असा एखादा फरक दाखवून कोणी ‘माझा वाण वेगळा’ म्हणू लागला, तर जुन्याच वाणावर नव्या नावाची चिठ्ठी लावून हक्क सांगणे सोपे होईल. वेगळेपण हे शेतकऱ्याला दिसणारे, मोजता येणारे, उपयोगाचे असावे, हा आग्रह म्हणून योग्य आहे. डीएनए हा साक्षीदार चांगला. पण खटला कशाबद्दल आहे, हे शेतातील लक्षणांनीच ठरले पाहिजे.

आणखी एक कारण आहे आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. डीएनएची तपासणी शहरातील प्रयोगशाळेत होते. पट्टी मात्र प्रत्येक दप्तरात असते. जी पद्धत शेतकऱ्याला आणि त्याच्या मुलाला स्वतः करून पाहता येते, त्या पद्धतीत फसवणूक करणे कठीण जाते.

आता कायद्यातील एका उणिवेबद्दल. एकसारखेपणाची कसोटी संशोधन केंद्रातील वाणाला शोभते. गावठी वाणाला ती जाचक होते. भातात परपरागण फारच कमी होते. म्हणूनच दादाजींनी वेगळ्या काढलेल्या लोंब्यांचे गुण पुढच्या पिढ्यांत टिकवून धरता आले. पण गावठी वाण हा एका लोंबीपासून काढलेला नसतो. त्यात थोडी उंच, थोडी बुटकी, थोडी लवकर निसवणारी झाडे एकत्र नांदत असतात. ही भेसळ नव्हे. हा विमा आहे. पाऊस लवकर गेला तर हळवी झाडे दोन दाणे देतात, लांबला तर उशिराची देतात. शेतकऱ्यांच्या वाणांसाठी ही कसोटी काहीशी सैल ठेवली आहे, हे खरे. पण खरा उपाय वर्णन लिहिण्याच्या पद्धतीतच आहे. गावठी वाणाची ‘उंची १३५ सेंटिमीटर’ असे नुसती सरासरी काढून लिहू नये. ‘१२० ते १५० सेंटिमीटर’ असा पल्ला लिहावा आणि त्यात किती झाडे कोठे बसतात तेही लिहावे. सरासरी विविधता झाकते. पल्ला ती दाखवितो.

लिहिलेल्या वर्णनाची किंमत किती, हे बासमतीच्या प्रकरणात जगाने पाहिले. १९९७ साली राइसटेक या अमेरिकन कंपनीला बासमती तांदळासंबंधी २० दावे असलेले पेटंट मिळाले. त्यांतले काही दावे झाडाची आणि दाण्याची लक्षणे सांगणारे होते. अशा लक्षणांचे दाणे आमच्याकडे पूर्वीपासून आहेत, हे दाखविणारी कागदपत्रे भारताने २००० साली पुढे केली. कंपनीला काही दावे मागे घ्यावे लागले आणि शेवटी पेटंट तिच्या तीन विशिष्ट वाणांपुरते उरले. बासमतीच्या मागे सरकार होते, संशोधन संस्था होत्या, छापील नोंदी होत्या. सिंधुदुर्गातील वालय, आजऱ्याचा काळजिरगा, गोव्याच्या खाजणातील खारे पाणी सोसणारा कोरगुट अशा वाणांच्या प्रत्येक गावातल्या रूपाच्या मागे कोण उभे राहणार? एखाद्या गावात असा वाण एकाच म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या कणगीत उरलेला असतो. त्याने पेरणी सोडली, की बियाणे दोन-तीन वर्षांत रुजेनासे होते आणि त्याच्याबद्दलची माहितीही जाते.

म्हणून शाळांना माझी सूचना अशी. ज्या शाळेच्या परिसरात भात पिकते, तिने दरवर्षी एक गावठी वाण घ्यावा आणि दोन हंगाम त्याचे वर्णन लिहावे. ६२ लक्षणे नकोत, दहा पुरेत. खोडाच्या बुंध्याकडील कोषाचा रंग, जिभलीचा आकार, निम्मी झाडे निसवण्याचे दिवस, कुक्षीचा रंग, खोडाची उंची, लोंबीची लांबी, कुसळ, तुसाचा रंग, हजार दाण्यांचे वजन, सडलेल्या दाण्याचा रंग व सुवास. कुक्षी पाहायला साधे भिंग पुरते. बांधालगतची झाडे घेऊ नयेत. त्यांना उजेड आणि अन्न जास्त मिळत असल्यामुळे ती फसवी असतात. खाचराच्या मधून २० झाडे निवडावीत, प्रत्येकाचे माप वेगळे लिहावे आणि शेजारच्या खाचरातील जया, रत्ना, इंद्रायणी अशा एखाद्या परिचित वाणाची मापेही त्याच दिवशी घ्यावीत. पेरणी, लावणी, खत आणि पाऊस यांची नोंद ठेवावी. शेवटी एक पक्व लोंबी कागदी पाकिटात घालून वहीला जोडावी.

वहीच्या पहिल्या पानावर मात्र शाळेचे नाव नको. तो वाण राखणाऱ्या शेतकऱ्याचे नाव हवे. त्याची संमती घेतल्याशिवाय बियाणे किंवा माहिती बाहेर देऊ नये. एक प्रत त्याला द्यावी. दुसरी गावाच्या जैवविविधता समितीकडे द्यावी. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार अशी समिती आणि तिची लोक-जैवविविधता नोंदवही प्रत्येक ठिकाणी असणे अपेक्षित आहे. पण त्या वहीत ‘भात – गावठी’ एवढेच लिहिलेले असेल, तर ती असून नसल्यासारखीच.

शाळेची वही म्हणजे अधिकृत चाचणी नव्हे, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. नोंदणी करताना प्राधिकरण आपली चाचणी घेईलच. पण त्या चाचणीला कोणता वाण पाठवायचा, तो कोणापासून वेगळा आहे असे म्हणायचे, हे आधी कोणाला तरी माहीत असावे लागते. शिवाय वेगळेपण पाहिले जाते ते सर्वांना माहीत असलेल्या वाणांच्या तुलनेत. जो वाण कोणाला माहीतच नाही, त्याच्याशी तुलना तरी कोण करणार? गावाच्या नोंदवहीत तारखेनिशी लिहिलेला वाण उद्या दुसऱ्या कोणाला ‘मी नवा शोधला’ असे म्हणणे अवघड जाईल. आणि समजा, यातले काहीच घडले नाही, तरी वीस झाडे मोजणाऱ्या मुलांना सरासरी, पल्ला, तुलना आणि प्रामाणिक नोंद यांचा जो धडा मिळेल, तो फळ्यावर मिळणार नाही.

दादाजी खोब्रागडे २०१८ मध्ये वारले. जेमतेम दीड एकराच्या शेतीत त्यांनी एचएमटीशिवाय आणखीही काही वाण निवडून काढले होते. त्यांच्याजवळ नजर होती, चिकाटी होती. येत्या खरिपात तुमच्या गावातही कोणाच्या तरी खाचरात एखादी वेगळी लोंबी उभी राहील. ती ज्याच्या नजरेस पडेल, त्याच्या शेजारी वही आणि पट्टी घेऊन एक विद्यार्थी उभा असावा, एवढीच माझी इच्छा आहे.